डावे दमट हवेत का उगवतात?

नागपूर,
मे अखेर

प्रिय पक्या,

तुला 'स. न. वि. वि.' लिहायचं म्हणजे मला हसू येतं, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. परवा फोनवर म्हणालास की पोरांचे ते सिद्धांत नुसते सांगू नकोस, नीट लिहून पाठव. पेपर तपासून झालेत, बाहेर पंचेचाळीस अंश आहेत आणि सूर्य मावळेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तेव्हा लिहितो. लांबेल, चहा घेऊन बस.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी प्रकल्प दिला होता: 'हवामानाचा राजकीय आणि आर्थिक व्यवस्थेवर होणारा परिणाम'. माझी अपेक्षा माफक होती. मान्सून, शेती, महागाई असं काहीतरी गाईडातून उतरवून आणतील, मी सह्या ठोकीन, विषय संपेल. जाता जाता 'जरा स्वतःचं डोकं चालवा रे' असं म्हणालो. ते त्यांनी फारच मनावर घेतलं.

पहिला मान कूलर सिद्धांताचा. पोरगा वर्ध्याकडचा, वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. त्याचं म्हणणं असं: कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खशीतून आत ओढतो आणि पाण्याची वाफ होता होता हवा गार होते. पण नवी हवा आत यायची तर जुनी बाहेर जायला पाहिजे, म्हणजे समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. खिडकी लावलीत की थोड्याच वेळात खोलीभर दमटपणा साचतो आणि अंग चिकचिक करायला लागतं. एसीचं उलट. त्याला दारं-खिडक्या घट्ट बंद पाहिजेत, कोणी दार उघडं टाकलं की चारी बाजूंनी ओरडा. सबब, कूलरवाला समाज मुक्त व्यापाराचा आणि एसीवाला समाज संरक्षक जकातीचा, म्हणजे कर लावून परका माल बाहेर ठेवणारा! पुरावा म्हणून खाली लिहिलंय, 'आमच्या गल्लीत कूलरचं पाणी संपलं तर शेजारून बादली येते. एसीवाल्यांकडून आजपर्यंत काहीही आलेलं नाही.'

तोंडी परीक्षेत मी विचारलं, "मग मुंबईचं काय?" तर पठ्ठ्या म्हणतो, "सर, मुंबईले कूलर चालतच नाही ना. तिथली हवा आधीच ओली. तिथं एसीच लागते, एसीले पैसा लागते, म्हणून शेअर बाजार तिथं हाय." मुक्त व्यापार वर्ध्यात आणि जकातीच्या भिंती मुंबईत, म्हणजे आर्थिक इतिहास सरळ डोक्यावर उभा केला होता. पण भौतिकशास्त्र बिनचूक. चांगले गुण दिले.

दुसरा सिद्धांत एका मुलीचा, आणि तो मला मनापासून आवडला. 'दमट हवेतच डावे का उगवतात?' तक्त्यात तीन राज्यं. केरळ, जिथे १९५७ साली नंबूदिरीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार रीतसर मतपेटीतून आलं. पश्चिम बंगाल, १९७७ ते २०११. त्रिपुरा, १९९३ ते २०१८. तिन्हीकडे पाऊस धो धो, तिन्हीकडे भात-मासे, तिन्हीकडे वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओला. तिची कारणमीमांसा ऐक: 'अति आर्द्रतेत चामड्याची चप्पल, पुस्तकं, पापड, कपाटातला शालू, सगळ्यांना बुरशी लागते. माणसाचा खाजगी मालमत्तेवरचा विश्वास उडतो. जे टिकणारच नाही ते वाटून टाकलेलं बरं, अशी वृत्ती तयार होते.' उलट राजस्थानात काहीही ठेवा, वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हणून तिथे मारवाडी सावकार. तिने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सादर केलं की मागच्या बाकावरच्यांनी वहीत उतरवून घेतलं.

मी कोकण काढलं. म्हटलं, बाई, बुरशी तर कोकणातही लागते. तिचं उत्तर तयार! राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर १९९१ पर्यंत मधु दंडवते, दोघेही समाजवादी, "म्हणजे सर, लागलीच ना बुरशी!" मी म्हटलं, आणि १९९६ ला तिथूनच शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले, तेव्हा पाऊस काय थांबला होता? यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तोपर्यंत घरोघरी फ्रीज आले होते." मी हात जोडले.

तिसरा अधिवेशनांचा. हा नागपूरकराशिवाय कोणाला सुचला नसता. आपल्या विधिमंडळाची अधिवेशनं हवामानावरून ओळखली जातात, पावसाळी आणि हिवाळी. तिसरं अर्थसंकल्पी, ते मार्चमध्ये, म्हणजे उकाडा मुळावर यायच्या आत. १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं की वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात व्हावं, आणि सरकार इथे येतं ते बहुधा डिसेंबरात, जेव्हा संत्री गोड असतात आणि सकाळी स्वेटर घालून फिरता येतं. पोराचा निष्कर्ष: विदर्भाचा अनुशेष भरून निघत नाही याचं एकमेव कारण म्हणजे सरकारने विदर्भ फक्त गुलाबी थंडीत पाहिलाय. एक अधिवेशन मेमध्ये घ्या, सदनातले एसी बंद ठेवा, दोन दिवसांत सगळे प्रश्न मार्गी. मी त्याला २०१८ ची आठवण करून दिली. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं आणि ६ जुलैला असा पाऊस झाला की विधान भवनाच्या आवारात पाणी शिरून वीज गेली, कामकाज तहकूब करावं लागलं. त्याने तेही आनंदाने तळटीपेत घातलं, 'हवामानाने विधिमंडळावर आणलेला स्थगन प्रस्ताव'.

तसं पाहिलं तर या पोराने इंग्रजांचाच कित्ता गिरवलाय. १८६४ पासून त्यांनी उन्हाळ्यात अख्खं हिंदुस्थान सरकार फायलींसकट सिमल्याला हलवलं. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यात. आमच्या मध्य प्रांताचे साहेब पचमढीला. लोकांवर राज्य करायचं, पण त्यांच्या हवेत राहायचं नाही!

हे सगळं तपासताना मला तुझी आठवण येणार नाही असं कसं होईल? लेका, या शास्त्राचा आद्य प्रवर्तक तूच. पुण्याच्या हॉस्टेलवरचा तुझा गरम पाण्याचा सिद्धांत मी वर्गात तुझं नाव घेऊन शिकवतो. थंडीत बंबाचं पाणी सहा ते साडेसात, पुढे ठणठणाट. पाणी कमी म्हणून रांग, रांगेत भांडणं म्हणून यादी, यादी ठेवायची म्हणून एक सेक्रेटरी नेमला, आणि आठवड्याभरात तो सेक्रेटरी स्वतः सगळ्यांच्या आधी दोन बादल्या घ्यायला लागला. तेव्हा तू टमरेल हातात धरून, टॉवेलवर उभा राहून घोषणा केली होतीस की स्टालिन जनरल सेक्रेटरीच का होता हे मला आज कळलं!

गंमत अशी की तुझ्या त्या टॉवेलवरच्या सिद्धांतात दम होता. सोव्हिएत शहरांत घरं तापवायची ती घरोघरच्या शेगडीवर थोडीच. गावाबाहेरच्या मोठ्या केंद्रातून गरम पाणी नळांनी अख्ख्या वस्त्यांना जायचं, आजही रशियात बरंचसं तसंच आहे. शरद ऋतूत दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांच्या खाली राहिलं की पालिका नळ सोडते. तोपर्यंत तू कुडकुडत बस. चीनमध्ये तर त्याहून भारी. १९५० च्या दशकात ठरलं की छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी ऊब, दक्षिणेला नाही. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. नदीच्या अलीकडच्या माणसाला थंडी वाजते आणि पलीकडच्याला वाजत नाही, हे सरकारने ठरवून टाकलं. फक्त तुझ्या सिद्धांताची एक गोची आहे: क्युबा. तिथे बंबही नाही आणि थंडीही नाही, तरी सेक्रेटरी आलाच.

पोरांना मी आता थोर माणसांचे सिद्धांत दाखवतो, आणि तिथे खरी मजा सुरू होते. ॲरिस्टॉटल म्हणतो, थंड युरोपातले लोक धाडसी पण डोक्याने कमी, आशियातले हुशार पण मनाने दुबळे, म्हणून गुलामीत राहतात. आणि दोन्ही गुण नेमके कोणात एकत्र आले? जे दोघांच्या मध्ये राहतात त्या ग्रीकांत. काय योगायोग! मग फ्रान्सचा विचारवंत माँतेस्क्यू. याने मेंढीची जीभ घेतली, अर्धी गोठवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जिभेवरचे बारीक उंचवटे थंडीने दिसेनासे झाले, जीभ पुन्हा ऊबेला आली तसे परतले. एवढ्या भांडवलावर त्याने १७४८ साली कायद्यांवरच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात ठोकून दिलं की थंड देशात माणसांच्या संवेदना बोथट पण अंगी हिंमत, उष्ण देशात संवेदना तीव्र आणि हिंमत कमी. रशियन माणसाला काही जाणवायचं तर त्याची कातडी सोलावी लागते, असंही लिहिलं. हिंदुस्थानी लोक त्याच्या मते स्वभावतःच भित्रे. त्यानंतर दहाच वर्षांनी मराठे अटकेपर्यंत पोचले. तिकडे ही बातमी वेळेवर गेली नसावी.

येल विद्यापीठातला भूगोलतज्ज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टन तर आपल्या काळाच्या बराच जवळचा, १९१५ चा. याने कनेक्टिकटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं उत्पादन आणि लष्करी-नौदल अकादमीतल्या पोरांचे गुण तापमानाशी ताडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की बुद्धीचं काम उत्तम होतं ते बाहेरचं सरासरी तापमान साधारण चार अंश सेल्सिअस असताना. मग जगाचा नकाशा रंगवला. सर्वांत तरतरीत हवा कुठे निघाली? न्यू इंग्लंड आणि इंग्लंडच्या बाजूला. साहेब स्वतः राहायचे कनेक्टिकटात. नागपूरचं सरासरी तापमान चार अंशांवर कधीच उतरत नाही, म्हणजे इथे आजवर कोणी विचारच केलेला नाही! हे वाचून दाखवल्यावर कूलरवाल्या पोराने हात वर करून विचारलं, "सर, यांचा प्रकल्प कोणी तपासला होता?"

मला विचारशील तर या थोरांच्या आणि माझ्या पोरांच्या लिखाणात फरक बांधणीचा. एकाचं कातडी पुठ्ठ्याचं, दुसऱ्याचं स्पायरल. दोन्हीकडे उडी तीच, थर्मामीटरवरून थेट सिंहासनावर. मधल्या पायऱ्या कोणी मोजत नाही.

आता तुझ्या गावाचं. तू कॅनडात, कॅल्गरीत इतकी वर्षं काढलीस आणि मला हे कधी सांगितलं नाहीस म्हणून तुझ्यावर राग आहे. तुमचं अल्बर्टा राज्य आणि शेजारचं सस्कॅचवान. तेच गवताळ माळ, तोच उणे तीसचा हिवाळा, तेच गव्हाचे शेतकरी. १९३० च्या दशकात दोन्हीकडे एकच मोठा दुष्काळ, शेतातली माती उडून आभाळ काळं व्हायचं. आणि दोन्हीकडे उत्तर घेऊन उभे राहिले ते धर्मोपदेशकच! तुमच्या कॅल्गरीत शाळामास्तर आणि रेडिओवरून प्रवचनं करणारा विल्यम एबरहार्ट. त्याने १९३५ ला 'सोशल क्रेडिट' पक्ष निवडून आणला, प्रत्येक प्रौढाला महिन्याला २५ डॉलरचा लाभांश देऊ म्हणून. लाभांश काही निघाला नाही, पण पक्ष १९७१ पर्यंत सत्तेत राहिला आणि वाटेत चांगलाच उजवीकडे सरकला. तिकडे सस्कॅचवानात बाप्टिस्ट पाद्री टॉमी डग्लस. त्याने १९४४ ला उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी म्हणवणारं सरकार आणलं. कॅनडाची आजची सरकारी आरोग्यसेवा तिथूनच सुरू झाली. १९६२ मध्ये ती लागू झाली तेव्हा तिथले डॉक्टर संपावर गेले होते. आणि तुमच्याकडे १९४७ ला लेड्यूकला तेल लागलं, मग काय विचारता! आज तुमच्या राज्याचा स्वतःचा विक्रीकरच नाही.

एवढं कमी म्हणून की काय, लॉइडमिन्स्टर नावाचं गाव या दोन राज्यांच्या सीमेवर बसलंय, सीमा गावाच्या मधल्या रस्त्यावरून जाते. एकाच ढगातलं बर्फ निम्मं समाजवाद्यांच्या राज्यात आणि निम्मं तेलवाल्यांच्या राज्यात पडत आलंय. पलीकडच्या दुकानांत गिऱ्हाईक राहावं म्हणून गावाच्या सस्कॅचवानकडच्या भागालाही त्या राज्याच्या विक्रीकरातून सूट द्यावी लागली. मेंढीची जीभ इथे काय करणार?

मात्र त्या मुलीचा बुरशी सिद्धांत माझ्या डोक्यातून जाईना. एके दिवशी तिला बोलावलं आणि म्हटलं, मुंबईची आर्द्रता घे, पण पापड सोड, सूत धर. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, ताणला की तुटतो. दमट हवेत लवचीक राहतो. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायला घेतली त्यामागे बंदर होतं, कापूस होता, व्यापारातला पैसा होता, आणि ही चिकचिकीत हवाही होती. गिरण्या आल्या म्हणून कोकणातून, घाटावरून माणसं आली. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा जण दाटीवाटीने राहिले. १९२८ ला गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्याच वर्षी सहा महिने संप चालला, आणि १९५७ ला कॉम्रेड डांगे त्याच भागातून लोकसभेवर गेले. म्हणजे दमट हवा आणि लाल बावटा यांचं नातं खरंच निघालं, फक्त मध्ये धागा, गिरणी, भोंगा आणि चाळ एवढं सगळं आलं. तिचे डोळे असे चमकले! पण लगेच म्हणाली, "सर, अहमदाबाद? ते तर कोरडं." आहेच की. तिथे गिरण्यांत कृत्रिमरीत्या ओलावा खेळवावा लागे, आणि तिथे उभा राहिला गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाईंचा मजूर महाजन संघ, मालकांशी लवादाने मिटवणारा. तेव्हा 'विकतचा ओलावा, समजुतीचं राजकारण' असा तिचा पुढचा प्रबंध येऊ घातलाय. देव वाचवो.

आणि शेवटचा वर्गात सांगितलेला मुद्दा तुलाही सांगतो, कारण तू इथे नोकरीत असताना तुझाही खिसा त्यात कापला गेलाय. मी माझं पगारपत्रक घेऊन गेलो आणि कपातींच्या रकान्यात बोट ठेवलं. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. विचारलं, हे कशाचे? कोणालाच माहीत नव्हतं. स्टाफरूममध्येही नव्हतं, ते सोड. हे, म्हटलं, १९७२ च्या दुष्काळाचे. आपले आईवडील सांगायचे ना, मिलो म्हणजे ती परदेशी ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, बायाबापड्या खडी फोडायला गेल्या. त्या वेळी रोजगार हमी योजना राज्यभर आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम हा पुढे कायदा झाला, आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ ला हा कर बसला, शहरातल्या पगारदारांवर. २००५ मध्ये देशानेही रोजगार हमीचा कायदा करून तोच धडा गिरवला. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास, या एका भूगोलाने आपल्याला ऊस, साखर कारखाना, चेअरमन, आमदार, छावण्या, टँकर आणि माझ्या पगारपत्रकातली ती ओळ एवढं सगळं दिलंय. माणचा पाऊस चुकला आणि नागपूरच्या मास्तरचा खिसा हलका झाला, यापेक्षा सरळ हवामान-राजकारण कुठल्या माँतेस्क्यूने दाखवलं? वर्ग गप्प झाला. मग अधिवेशनवाला म्हणाला, "सर, म्हणजे दुष्काळ संपला तरी कर राहिला." म्हटलं, बाळा, आता तुला राज्यशास्त्र समजायला लागलं.

पुढच्या वर्षी हाच विषय देणार आहे. प्राचार्यांचं म्हणणं 'जरा अभ्यासक्रमाला धरून' काहीतरी द्या. बघू.

तुझ्याकडे एक काम आहे. कॅल्गरीहून लॉइडमिन्स्टर लांब आहे हे नकाशात बघितलंय, पण कधी एडमंटनच्या बाजूला जाणं झालं तर पुढे सरक आणि त्या सीमेवरच्या रस्त्याचा फोटो काढून पाठव, दोन्ही फुटपाथ दिसतील असा. आणि दोन्ही बाजूंना कॉफी पिऊन बिलं जपून ठेव. पोरींची पैज लागलीय, एक म्हणते भाव सारखाच असणार, दुसरी म्हणते नाही. पैजेत माझेही पन्नास रुपये आहेत, कोणत्या बाजूने ते बिल आल्यावर सांगतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद. काकूंना गुडघ्याचं तेल पोचतं केलंय, त्यांची काळजी करू नकोस. डिसेंबरात ये, संत्री असतील आणि सरकारही असेल.

तुझा,
मन्या